मामाने सांगितलं म्हणे

एतुआतेला सुईची भीती वाटायची. समोरच्याचा ठोसा डोळे न मिटता अंगावर घेणारा हा माणूस दवाखान्यातली सुई दिसली की लहान मुलासारखा घामाघूम व्हायचा. पहिल्यांदा त्याचं रक्त काढलं तेव्हा तो खुर्चीवरून घसरला आणि पडता पडता औषधांची ट्रॉलीही सोबत घेऊन गेला. गावाला ती गोष्ट वर्षभर पुरली. "एतुआतेला हरवायचंय? मग ग्लोव्हज कशाला घालतोस, सुई घेऊन जा." तोही हसायचा, सगळ्यांहून मोठ्याने.

पुढे त्याच रक्तावरून गावात एकच प्रश्न उरला: एतुआतेला माहीत होतं की नव्हतं? त्याची चार माणसांतली इज्जत त्या एका प्रश्नावर लटकून राहिली. मी त्याची शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये नीरफणसाचं झाड आहे आणि त्याची फळं कुणाची यावर आमचं वर्षानुवर्षांचं लाडकं भांडण. त्यामुळे जे पाहिलं ते जवळून पाहिलं.

त्याची आई लवकर गेली. वडील ऑकलंडला, गोदामात कामाला. ते पैसे पाठवत, स्वतः येत नसत. एतुआते आणि त्याची धाकटी बहीण वाईमोआना वाढले ते आत्याच्या धाकात आणि मामाच्या लाडात. आमच्या बेटांवर असंच असतं. आत्या सगळ्यांत वर. ती आली की बोलणं थांबतं, खाणंसुद्धा थांबतं. मामाच्या घरात मात्र भाचा राजा. त्याने मामाचं डुक्कर सोडून नेलं, मासे धरायचं जाळं नेलं, मामाच्या अंगावरचा नवा शर्ट उतरवून नेला, तरी मामाने हसून "ने बाबा" म्हणायचं. लिसिआते मामाला ते म्हणताना खरोखरच आनंद व्हायचा. बहिणीचं पोर म्हणजे त्याला बहीणच परत मिळाल्यासारखं होतं.

तरुणपणी मामा स्वतः बॉक्सिंग खेळला होता. अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली त्याने दोर बांधून रिंगण केलं होतं, आढ्याला वाळूचं पोतं टांगलं होतं. शनिवारी सकाळी गावातली मुलं तिथे जमायची. कोपऱ्यात एक निळी बादली, तिच्यात एक स्पंज, दोरावर एक टॉवेल. कुणाचा ओठ फाटला की मामा स्पंज पिळायचा, पुसायचा, परत बादलीत टाकायचा. मग दुसऱ्याची भुवई. एतुआतेच्या नाकाचा घोळणा तर नुसत्या शिंकेनेही फुटायचा. दुपारपर्यंत बादलीतलं पाणी कलिंगडाच्या सरबतासारखं दिसायला लागायचं. मी कुंपणावरून म्हणायची, "लिसिआते, पाणी तरी बदल रे." तर तो म्हणायचा, "सगळी आपलीच पोरं आहेत. आपल्या रक्ताची कसली घाण?"

भाऊ-बहिणीचं आमच्याकडे वेगळं आहे. वयात आले की ते एका खोलीत बसत नाहीत. भाऊ आत आला की बहीण उठून बाहेर जाते. अंगाचं, दुखण्याखुपण्याचं, नवरा-बायकोचं काही एकमेकांसमोर बोलायचं नाही. याला कुणी दुरावा म्हणत नाही, हा मान आहे. वाईमोआना दवाखान्यात नर्स झाली. तिच्या घरी नारळाच्या रसात अळूची पानं शिजली की पहिला वाटा माझ्या हातात यायचा. "मावशी, त्याला द्या. मी दिलं म्हणू नका." तो दुसऱ्या दिवशी ओला ऑक्टोपस माझ्या पायरीवर टाकायचा. "मावशी, हा पलीकडे पोचवा. मी पाठवलं म्हणू नका." त्या दोघांच्या प्रेमाची मी टपालवाली होते. गेली काही वर्षं मात्र पलीकडून पानं येईनाशी झाली होती. विचारलं तर वाईमोआना म्हणायची, "वेळ कुठे असतो?" मला वाटलं, संसारात पडली पोरगी.

रिंगणातही एक बदल झाला होता. एतुआते सुरुवातीपासून मामाच्या मुलाशी, हेमालोतोशी सराव करायचा. दोघे एका वजनाचे, एकमेकांच्या खोड्या ओळखणारे. मग मामाने अचानक ती जोडी मोडली. "घरातली दोन पोरं एकमेकांना बडवतात ते तुमच्या मामीला बघवत नाही," असं कारण सांगितलं. एतुआतेसमोर उभा राहिला सेमिसी. सेमिसी उत्तरेच्या लांबच्या बेटावरून विधवा आईबरोबर तिच्या भावाकडे राहायला आलेला. बारीक, चपळ आणि तोंडाने भयंकर.

"ए नळ," तो एतुआतेला म्हणायचा, "आज टोटी बंद करून आलास का? परवा माझा पांढरा शर्ट रंगवलास."

"तू पांढरा शर्ट घालतोसच कशाला? चर्चमध्ये आलायस का?"

"तुला मारून झालं की पाप धुवायला सरळ तिकडेच जायचं असतं ना!"

दोघांचं गूळपीठ झालं. एकत्र होडी काढायचे, एका ताटात जेवायचे. एतुआतेच्या लग्नात सेमिसी करवल्यासारखा मिरवला.

बाहेरगावच्या सामन्यांआधी मुलांचं रक्त तपासून घ्यावं लागतं. ते सगळं मामाच बघायचा. एतुआतेला म्हणायचा, "तुझं जुनं चालतंय. तू कशाला जातोस त्या सुईपाशी? मी आहे ना." आणि एतुआते मनापासून सुटकेचा श्वास टाकायचा. सगळे म्हणायचे, मामा असावा तर असा.

त्या वर्षी एतुआतेची ऑकलंडच्या मोठ्या सामन्यासाठी निवड झाली. वडील बसून बघणार होते. तयारी जोरात चालली होती. एका शनिवारी सरावात दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. सेमिसीची भुवई उघडी पडली, एतुआतेच्या नाकातून रक्ताची धार लागली. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते आणि कुणाचं रक्त कुठलं ते कळत नव्हतं. मामाने एकदा याला पुसलं, एकदा त्याला. तोच स्पंज.

दोनेक महिन्यांनी सेमिसी जेवेनासा झाला. मग डोळे पिवळे झाले, मग अंग. पहिल्यांदा चेष्टाच झाली, पिकलेलं केळं म्हणून. पण त्याला उभं राहवेना, तेव्हा त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे सांगितलं की ही रक्तातून पसरणारी कावीळ आहे, आणि ज्यांच्याबरोबर तो खेळतो त्या सगळ्यांचं रक्त गावच्या दवाखान्यात तपासून घ्या.

मामा म्हणाला, "एतुआतेची गरज नाही. त्याचं झालेलं आहे. सामना तोंडावर आलाय, उगाच अशक्तपणा नको."

पण सेमिसीची आई एतुआतेच्या दारात येऊन म्हणाली, "बाळा, कुणाकडून आलं ते कळलं तर माझ्या जिवाला बरं वाटेल." मग तो निघाला. सुईसाठी धीर हवा म्हणून मला सोबत घेतलं. "मावशी, मी पडलो तर ट्रॉली धरा."

दवाखान्यात टेबलाशी वाईमोआना बसलेली होती. भाऊ दारात दिसताच ती रीतीप्रमाणे उठली आणि मागच्या व्हरांड्यात गेली. थोरली नर्स पेसी पुढे आली. तिने एतुआतेच्या दंडाला रबरी पट्टी बांधली. त्याने डोळे घट्ट मिटले. तेवढ्यात खिडकीच्या काचांच्या फटीतून वाईमोआनाचा आवाज आला. ती पाठ करून उभी होती आणि पेसीशी बोलत होती. पण इतक्या मोठ्याने की रस्त्यावरच्यालाही ऐकू जावं.

"पेसी, सुई वाया घालवू नका. ज्याला आपलं रक्त कसं आहे ते आधीच माहीत आहे, त्याचं पुन्हा काय काढता?"

एतुआतेने डोळे उघडले. तो पेसीला म्हणाला, "ती काय म्हणते? विचारा तिला, काय माहीत आहे?"

"त्याला म्हणावं, नाटक पुरे," बाहेरून आवाज आला. "पोरगा तिकडे पिवळा होऊन पडलाय. माहीत असून त्याच्या अंगावर रक्त सांडत राहिला. लाज वाटायला हवी माणसाला!"

"अहो, विचारा ना तिला! माझ्या रक्ताला काय झालंय?"

पेसी बिचारी एकदा खिडकीकडे बघत होती, एकदा त्याच्याकडे. शेवटी म्हणाली, "वाईमोआना, त्याला नाही माहीत ग. चेहरा बघ त्याचा."

वाईमोआना वळली. काचांच्या फटीतून तिने भावाकडे पाहिलं. आणि मग जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी, पेसीच्या मार्फत, भिंतीच्या अलीकडून पलीकडे.

तो खुर्चीवरून पडला होता ना, त्याच तपासणीत त्याच्या रक्तात ती कावीळ सापडली होती. बहुधा जन्मताच आईकडून आलेली. अशी माणसं वर्षानुवर्षं धडधाकट असतात, त्यांना पत्ताही नसतो, पण त्यांचं रक्त दुसऱ्याच्या जखमेत गेलं तर आजार देतं. तेव्हाचे डॉक्टर परदेशी होते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बेटावर निघाले होते. "तुझाच भाऊ ना? मग तूच सांग. खेळ थांबवायला लाव आणि माझ्याकडे घेऊन ये," असं म्हणून ते गेले. सख्खी बहीण, याहून सोपं काय, असं त्यांना वाटलं असणार. बहिणीने भावाजवळ त्याच्या रक्ताचा विषय काढायचा! वाईमोआनाने दोन दिवस विचार केला. आत्याला सांगितलं तर गावभर बोभाटा होणार. मग तिने मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "बरं केलंस. मी सांगतो." आठवड्याने तो स्वतः तिच्याकडे येऊन म्हणाला, "सांगितलं. रडला बिचारा. म्हणाला, बहिणीने यावर कधी शब्द काढू नये. खेळ तो हळूहळू सोडेल."

तो खेळतच राहिला. ती लांबून बघत राहिली. भावाला विचारायची सोय नव्हती. म्हणून तिने मनातल्या मनात त्याला अपराधी ठरवून टाकलं आणि अळूची पानं पाठवणं बंद केलं.

एतुआते दंडाला पट्टी तशीच ठेवून उठला. त्या दिवशी तो सुईला घाबरला की नाही, ते त्यालाही आठवत नसेल.

आम्ही सरळ मामाच्या अंगणात गेलो. मामा पोतं शिवत बसला होता. पोरं भोवती होती.

"मामा, माझ्या रक्तात कावीळ आहे हे तुला माहीत होतं?"

मामाने दाभण खाली ठेवलं. "आत चल. आत बोलू."

"इथेच बोल."

"अरे, हे काय चारचौघांत..."

"मामा, हो की नाही?"

मामाने पोरांकडे पाहिलं. मला वाटतं, एकटा असता तर त्याने कबूल केलं असतं. पण सगळी पोरं बघत होती, त्यांचे बाप कुंपणाशी येऊन उभे राहिले होते, सेमिसीच्या आईचा भाऊही त्यांत होता. मामा म्हणाला, "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. विसरलास?"

एतुआते एक पाऊल पुढे आला.

"कधी सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, मामा, मला खेळू दे. भाच्याला नाही म्हणायची आमच्यात रीत आहे का? सांगा तुम्ही," तो कुंपणाकडे वळून म्हणाला. "मी काय करणार होतो?"

"मग हेमालोतोला माझ्यासमोरून का काढलंस?"

मामाने दाभण पुन्हा उचललं.

"मामीला बघवत नव्हतं म्हणालास. स्वतःच्या पोराला बाजूला केलंस आणि सेमिसीला उभं केलंस. परक्या बेटावरचा, बाप नसलेला. तो चालला?"

"तुझ्यासाठीच सगळं केलं रे. तुझ्या आईला मी शब्द दिला होता, तुला काही कमी पडू देणार नाही."

"मग आज एक दे," एतुआते म्हणाला. "भाचा म्हणून मागतोय. या सगळ्यांना खरं सांग. दुसरं काही नको मला. तुझी होडी नको, डुक्कर नको."

मामा उठून उभा राहिला. तो म्हणाला, "होडी ने. डुक्कर ने. इंजिन ने. जे दिसेल ते ने." आणि घरात निघून गेला.

भाच्याने मागितलेलं मामाने दिलं नाही, असं आमच्या गावात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कुंपणाशी उभ्या असलेल्यांनी मात्र फक्त पहिला भाग ऐकला. मामाने सांगितलं होतं म्हणे. बहीण दवाखान्यातच असते म्हणे. मग याला माहीत नाही असं कसं होईल? मी दोन ठिकाणी बोलून पाहिलं. "तू शेजारीण, तू त्याचीच बाजू घेणार. नीरफणस खाल्लेस ना त्याचे!" असं उत्तर मिळालं.

ऑकलंडला हेमालोतो गेला. जाण्याच्या आदल्या सकाळी तो कुंपणाशी आला, घुटमळला. एतुआते जाळं दुरुस्त करत होता.

"मोठ्या इस्पितळात तुझ्या नावाने रक्त मी द्यायचो," हेमालोतो हळूच म्हणाला. "बाबा म्हणाले, तू सुईला घाबरतोस म्हणून. मला पुढचं काही माहीत नव्हतं."

"हे अंगणात येऊन सांगशील? सगळ्यांसमोर?"

"ते माझे बाबा आहेत रे."

"हो. माझे मामा आहेत," एतुआते म्हणाला आणि त्याने पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

कावा नावाच्या मुळीचं पेय प्यायला पुरुष बसतात, त्या बैठकीत नारळाची एकच वाटी फिरते, सगळे तिच्यातून पितात. एतुआते बसला तेव्हा त्याच्यापुढे वेगळी, नवीन कापलेली करवंटी ठेवली गेली.  त्याने ती प्यायली, रीतीप्रमाणे टाळी वाजवली, उठला आणि परत कधी गेला नाही. पेसीने बायकांच्या सभेत घसा कोरडा करून सांगितलं की वाटीने काही होत नाही, ताटाने होत नाही, हात हातात घेतल्याने होत नाही, रक्ताचं रक्ताशी सांभाळा. बायकांनी माना डोलावल्या. पुढच्या शनिवारी अंगणात तीच बादली होती आणि तिच्यात तोच स्पंज. वाटी बदलली म्हणजे आपण काळजी घेतली, असं सगळ्यांना वाटत होतं.

एतुआतेच्या बायकोला दिवस गेले होते. तिची तपासणी झाली, ती ठीक निघाली. बाळाला जन्मल्याबरोबर टोचायची लस पेसीने आधीच बाजूला काढून ठेवली. तेवढं एक बरं झालं. पण एतुआते कुणाशी बोलेना. सेमिसी इस्पितळातून घरी आला तेव्हा हा मासे घेऊन गेला. सेमिसीच्या आईने मासे घेतले नाहीत, दार लोटून घेतलं. आतून सेमिसीचा आवाज आला नाही. एरवी ज्याचं तोंड एक घटका बंद नसायचं, त्याचा.

आणि मग एका दुपारी वाईमोआना आली. माझ्याकडे नाही. ती माझ्या पायरीवरून पुढे गेली आणि सरळ भावाच्या घरात शिरली. मी झाडाखाली होते. एतुआते चटईवर बसला होता. तिला बघून तो रीतीप्रमाणे उठायला लागला.

"बस," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर बसली. हा शब्द मी ऐकला म्हणून सांगते, नाहीतर कुणी सांगितलं असतं तर माझाही विश्वास बसला नसता.

"मी तोंडावर विचारते," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"नाही."

"मामा कधी काही बोलला?"

"म्हणाला, सुईपाशी जाऊ नको, मी आहे."

 मग ती म्हणाली, "दवाखान्यात तुझा चेहरा बघितला तेव्हाच मला कळलं होतं."

"मग इतके दिवस कुठे होतीस?"

"मामाला खोटं कसं पाडणार? आईचा भाऊ तो."

"मी आईचा मुलगा होतो," एतुआते म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मामाने एकदा फसवलं. तू रोज मला वाईट समजत होतीस, आणि मी इकडे ऑक्टोपस पाठवत होतो. एकदा विचारायचं होतंस. रीत मोडायची होती."

"आज मोडली."

"आज मोडलीस," तो म्हणाला.

ती रडत उठली नाही. पदर सावरावा तशी तिने मानाची म्हणून कमरेला गुंडाळलेली चटई नीट केली आणि तिथून निघून सेमिसीच्या आईकडे गेली. तिथलं मला सेमिसीच्या आईनेच नंतर सांगितलं. ती झाडाची साल कुटून कापड करत होती. वाईमोआना दारात उभी राहून म्हणाली, "मी मामाला सांगितलं होतं, भावाला नाही. माझ्या भावाला काही माहीत नव्हतं."

"तुला काय ठाऊक? मामाने त्याला सांगितलं असेल की."

"मी त्याला विचारलं."

"कुणामार्फत?"

"समोर बसून."

सेमिसीच्या आईच्या हातातलं कुटणं थांबलं. सख्ख्या भावासमोर बसून त्याच्या रक्ताबद्दल विचारणारी बहीण तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. असलं काही खोटं सांगायला तोंड धजणार नाही, हे तिला लगेच पटलं. आतून सेमिसी म्हणाला, "आई, नळाला बोलाव."

तो गेला. सेमिसी हाडाचा सापळा झाला होता, पण डोळ्यातलं पिवळेपण उतरलं होतं.

"तू मला आजार दिलास याचा राग नव्हता," सेमिसी म्हणाला. "सगळं माहीत असून माझ्या ताटात जेवत होतास, असं वाटलं. त्याचा होता."

"आता?"

"आता तुझ्या मामाचा आहे. पण तो माझा मामा नाही, त्यामुळे मला सोपं आहे."

गावाला पटायला आणखी काही आठवडे लागले. पटल्यावर लोकांनी एतुआतेला कावा प्यायच्या बैठकीला बोलावलं. तो गेला नाही. मामाचं अंगण चालूच राहिलं, मुलं थोडी कमी झाली इतकंच. मामाला कुणी थेट काही बोललं नाही. वयाचा मान आहे.

बाळ झालं, मुलगी. तिला पाहायला मामा आला. स्वच्छ कपडे, हातात पांढरंशुभ्र विणलेलं आसन. तो दारात उभा राहिला. माझ्या मनात आलं, आता मामा मोडेल, खरं बोलून टाकेल. एतुआते मुलीला खांद्यावर घेऊन बाहेर आला. मामाचे डोळे भरले होते.

"बघू दे ना मला तिला," मामा म्हणाला.

"लिसिआते," एतुआते म्हणाला, "ती झोपली आहे."

उभ्या जन्मात त्याने मामाला नावाने हाक मारली नव्हती. मामाने आसन पायरीवर ठेवलं. एतुआते आत गेला आणि त्याने दार लावलं.